उघड्या मैदानावर कविता आणि वाद्यं: माझा अनुभव

सभागृहात कविता म्हणायची मला सवय आहे. मैदानावर, वाद्यांच्या साथीनं, आणि वर कार्यक्रम बसवायची जबाबदारीही आपलीच, असं मात्र पहिल्यांदाच घडलं. होकार देताना मला वाटलं होतं की सगळा जीव कवींची निवड आणि वादकांच्या तारखा जुळवण्यात जाईल. प्रत्यक्षात एकच प्रश्न शेवटपर्यंत सोबत राहिला: शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला शब्द कळेल का?

सभागृहाच्या भिंती बोलणाऱ्याला मदत करतात. त्यांच्यावर आपटून परतलेला आवाज मागच्या रांगेतल्या माणसाला मिळतो. मैदानावर तो आधार नसतो. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलनं उतरते, आणि त्यातही आधी बुडतात ती व्यंजनं. आ, ओ, ई लांबवर पोचतात. क, त, प, स यांच्यात मुळातच जोर कमी, आणि अर्थ तर त्यांच्यावरच उभा. मागे बसलेल्याला ‘हात’, ‘रात’ आणि ‘घात’ यांतला नुसता आकार ऐकू येतो. गाण्यात एवढं निभून जातं, कारण सूर माणसाला धरून ठेवतो. कवितेत एक शब्द निसटला की ऐकणारा पुढच्या दोन ओळी तोच शोधत बसतो.

म्हणून कविता निवडताना मी त्या डोळ्यांनी वाचल्याच नाहीत. कवींना त्या म्हणायला लावल्या आणि मी लांब, पाठ करून उभी राहिले. काही फार चांगल्या कविता तिथंच गळाल्या, याचं वाईट वाटलं. एकात एक गुंफलेली प्रतिमा कागदावर परत वाचता येते, कानाला ती सोय नाही. ज्यांच्यात एखादी ओळ फिरून येत होती, वाक्यं आखूड होती आणि बोलण्याची लय होती, त्या टिकल्या. वेळेचं बंधनही घातलं. शिकागोच्या ग्रीन मिल क्लबमध्ये मार्क स्मिथ यांनी १९८६ साली पोएट्री स्लॅम, म्हणजे मंचावर कविता म्हणण्याची स्पर्धा, सुरू केला; त्या स्पर्धांमध्ये एका कवितेला ३ मिनिटं हा नियम रूढ झाला. आमची स्पर्धा नव्हती, तरी तोच माप म्हणून ठेवला. दोघांना तो जाचक वाटला. एकीनं मात्र कविता कापून आणली आणि ती आधीपेक्षा धारदार झाली होती.

खरी मजा तालमीत आली. वादक तिघे होते: गिटार, बासरी, तबला. सुरुवातीला सगळेच कवितेला चित्रासारखी साथ देऊ पाहत होते. पावसाची ओळ आली की बासरीवर थेंब, चालण्याची ओळ आली की तबल्यावर पावलं. ऐकायला गोड, पण कवितेनं जे सांगितलं तेच वाद्य पुन्हा सांगत होतं. आजोबांच्या मनगटी घड्याळावरची एक कविता होती. तबलजींनी साहजिकच टिकटिक धरली, आणि कविता लहान होऊन गेली. मग तेच म्हणाले, ‘‘ताई, मी आधी वाजवतच नाही. ‘घड्याळ थांबलं’ म्हटलं की मग ठेका सुरू करतो.’’ तसं करून पाहिलं. घड्याळ थांबतं आणि ठेका सुरू होतो, आता तो कशाचा, हे कुणीच सांगत नाही. कवी स्वतःच दोन क्षण पुढची ओळ विसरला. त्या तालमीनंतर ‘इथं काय वाजवायचं’ याच्याआधी ‘इथं वाजवायचं का’ हा प्रश्न येऊ लागला.

वृत्तातल्या कवितांचा त्रास वेगळा होता. ठेका मिळाला की कवी नकळत समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आदळू लागतो, कवितेचं गाणं होतं आणि अर्थ मागे पडतो. मुक्तछंदात उलट व्हायचं, ठेका एकीकडे आणि कवी भलतीकडे. यावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. कवीनं ठेक्यावर बोलायचंच नाही. ओळ समेनंतर थोडी उशिरा उचलायची आणि श्वास मात्र लयीत घ्यायचा. हे अंगात यायला वेळ लागतो, पण एकदा आलं की दोघंही मोकळे होतात.

वादकांनी मात्रा मोजून थांबायचं नाही, हेही ठरवलं. प्रेक्षक दाद देतात, कवी थांबतो, मोजदाद कोलमडते. त्याऐवजी प्रत्येक कवितेच्या समासात खुणेचे शब्द लिहिले: या शब्दावर बासरी आत, त्या शब्दावर सगळं बंद.

तोच कागद मी साउंडवाल्या दादांनाही दिला. आधी ते जरा चकित झाले, मग त्यांनी कविता वाचून काढल्या आणि नेमके प्रश्न विचारले. ‘‘ही ओळ कुजबुजत म्हणणार ना? मग त्याआधी गिटार खाली घेतो.’’ माझ्या मते कार्यक्रम वाचला तो इथं. मैदानावर कवितेचा अर्धा सूत्रधार मिक्सरवर बसलेला असतो. त्याला पुढचा शब्द ठाऊक नसेल, तर तो फक्त आवाज कमी-जास्त करू शकतो.

त्यांनी कवींनाही बरंच शिकवलं. माईकची जाळी मुठीत धरायची नाही, कारण माईक मग सगळीकडचा आवाज ओढतो आणि शिट्टी मारतो. आमचे माईक पाठीमागून सर्वांत कमी ऐकणारे होते, म्हणून मॉनिटर, म्हणजे कवी-वादकांकडे तोंड केलेले छोटे स्पीकर, बरोबर त्या पाठीमागच्या रेषेत ठेवले. वाऱ्यासाठी माईकवर फोमच्या टोप्या चढवल्या. मैदानाच्या मध्यावर स्पीकरची आणखी एक जोडी लावली आणि तिला मुद्दाम उशीर दिला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटरला जवळपास ५० मिलिसेकंद लागतात. हा उशीर दिला नाही, तर मागच्यांना जवळच्या स्पीकरचा शब्द आधी आणि मंचावरचा मागाहून ऐकू येतो, एकावर एक चढलेला. साउंड चेकला मी मागच्या खुर्च्यांत बसून ‘हात, रात, घात’ म्हणायला लावलं. तिन्ही वेगळे कळेपर्यंत दादांनी मिक्सरवरून हात काढला नाही.

परवानग्या, पावसासाठी आडोसा, वायरींवर पट्ट्या ही कामं ज्याची त्यानं यादी करून उरकावीत. जागेबद्दल एवढंच सांगते की मंच पश्चिमेला घेऊ नये, मावळतीचं ऊन थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातं. आणि सुटे कागद आणू नयेत. आम्ही पॅडला चिमटे लावले होते, अक्षर मोठं ठेवलं होतं.

कार्यक्रम उजेड असतानाच सुरू केला, कारण पहिल्या काही कवींना समोरचे चेहरे दिसणं मला हवं होतं. दिवे लागल्यावर कवीला पुढची रांग सोडून काही दिसत नाही, आणि तोवर तो स्थिरावलेला असला की बरं. अंधार पडताना हवा गार झाली आणि वाद्यं एकमेकांना सोडू लागली. गारव्यानं गिटारच्या तारा आकसून चढतात, तर बासरीतली हवा थंड झाली की तिचा सूर उतरतो. दोघं विरुद्ध दिशांना जातात. ओल धरली की तबल्याची पुडीही उतरते. हे माहीत असल्यानं साथीशिवायच्या कविता मी बरोबर या टप्प्यावर ठेवल्या होत्या. एक कवी बोलत असताना मागे वादक ट्यूनरच्या दिव्यावर, जराही आवाज न करता, सूर लावून घेत होते. बासरीवाला आधी बासरीत नुसती फुंकर घालून ती ऊबदार करायचा, मग सूर तपासायचा.

घड्याळाच्या कवितेत ऐन मोक्याला लोकांनी दाद दिली. कवी थांबला, टाळ्या ओसरू दिल्या, मग म्हणाला, ‘‘घड्याळ थांबलं.’’ ठेका सुरू झाला. खुणेचे शब्द ठरवलेले नसते, तर तबला टाळ्यांमध्येच येऊन गेला असता.

रात्र चढली तसा दादांनी आवाज कमी केला. सूर्य गेल्यावर जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्यापेक्षा गार राहते आणि आवाज खाली वळून दूरवर जातो. आसपासच्या घरांना तोच आवाज जास्त टोचतो. भोवतालचा कलकलाटही तोवर ओसरला होता, त्यामुळे आम्हाला काही कमी पडलं नाही, कुजबुजीची ओळसुद्धा मागे पोचली. शेवटच्या रांगेतल्या एका आजींनी ती मला नंतर जशीच्या तशी म्हणून दाखवली.

सामान आवरताना दादांनी पुढच्या वेळचं विचारलं. कविता निदान आठवडाभर आधी हव्यात, आणि एका तरी तालमीला त्यांना बोलवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी लगेच कबूल केलं.