सोळा मोजायच्या होत्या

"तुम्ही सांगितलं तसंच घेतलंय बरं का," म्हणत ताईंनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.

ताई मुद्रितशोधनाचं काम करतात. मोठ्या फाइली उघडल्या की ४ जीबी रॅमवर त्यांचा लॅपटॉप गुदमरायचा. कंपनीच्या माहितीपत्रकात रॅमचे दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबी असं लिहिलेलं, म्हणजे एका स्लॉटमध्ये ८ जीबी चालायला हवी. आदल्या आठवड्यात फोनवरच मी त्यांना लिहून घ्यायला सांगितलं होतं: ८ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी), डीडीआर३एल (कमी व्होल्टेजची), २०४ पिन, वेग १६००. त्यांनी ते अक्षरन् अक्षर पाळलं. आता स्टिक लावली की पंखा भिरभिरतो आणि स्क्रीन काळीच राहते.

खरं सांगायचं तर आधी मला बसवणाऱ्याच्या हातावर संशय आला. लॅपटॉपची रॅम तिरकी सरकवून मग खाली दाबायची असते. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टककन लागल्या नाहीत तर ती अर्धवटच बसते. बॅटरी काढली, स्टिक बाहेर घेतली, पिनांवरून हलकेच खोडरबर फिरवला, परत बसवली. अंधार. दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. अंधार. जुनी ४ जीबीची लावल्यावर मात्र लॅपटॉप लगेच शुद्धीवर, आणि तोही दोन्ही स्लॉटमध्ये.

मग व्होल्टेज पाहिलं. लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीच्या कोअर आय५ प्रोसेसरचा, २०१४ सालचा. या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच रॅम लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ दिसायला हुबेहूब तशीच, खाचही त्याच जागी, त्यामुळे ती मुकाट्याने बसते आणि मग चालत नाही. (उलटं सहसा चालतं. १.३५वाली स्टिक त्याआधीच्या १.५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये बिनतक्रार काम करते.) डीडीआर४ चुकून आली असती तर ती स्लॉटात शिरलीच नसती. पण लेबलवर पीसी३एल-१२८००, म्हणजे डीडीआर३एल १६००च, असं स्वच्छ छापलेलं होतं. १.३५ व्होल्टची खूण असलेला 'एल' जागच्या जागी.

"खराब आली असेल, परत करते," ताई म्हणाल्या. मीही मान डोलावणार होतो. पण दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहिल्याशिवाय कुठल्याही भागाला खराब म्हणायचं नाही, ही माझी सवय. सुट्या भागांसाठी ठेवलेला पाचव्या पिढीचा एक लॅपटॉप कपाटात होता. त्यात ती स्टिक लावली तर पहिल्याच झटक्यात सुरू, आणि बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) ८१९२ एमबी, म्हणजे पुरते ८ जीबी!

स्टिक ठणठणीत, लॅपटॉपही ठणठणीत, फक्त दोघांचं पटेना. आता मी स्टिक भिंगाखाली धरली. एका बाजूला चार चिप, दुसऱ्या बाजूला चार. दोन्ही बाजूंना चिप आहेत एवढंच मी मघाशी पाहिलं होतं, मोजल्या नव्हत्या. आठ चिपमध्ये ८ जीबी, म्हणजे एका चिपमध्ये एक जीबी, अर्थात ८ गिगाबिट. आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या मेमरी कंट्रोलरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम हाताळणाऱ्या भागाला, डीडीआर३ची चिप ४ गिगाबिटपर्यंतच झेपते. ८ गिगाबिटवाली झेपायला लागली ती पाचव्या पिढीपासून. ताईंच्या लॅपटॉपला ८ जीबी हवीच असेल तर ती सोळा चिपची, एका बाजूला आठ अशी हवी. लेबलवर हे लिहिलेलंही असतं. या स्टिकवर १आर×८ (आठ चिपचा एक गट) होतं, हवं होतं २आर×८ (असे दोन गट). क्षमता, वेग, व्होल्टेज सगळं तेच, फक्त तो पहिला आकडा वेगळा. इतकी वर्षं हे काम करून तोच एक आकडा मी फोनवर सांगितला नव्हता.

"चूक माझी आहे ताई. मी अर्धंच सांगितलं."

"म्हणजे मजकूर बरोबर, पण एक आकडा गळालाय," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण मला लागायचं ते लागलंच.

विकणाऱ्याने स्टिक बदलून दिली. चार दिवसांनी ताई नवी घेऊन आल्या, पण मला हात लावू देईनात. कडेने धरून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्वतः मोजलं. "आठ." स्टिक उलटली. "सोळा. घ्या आता."

जुनी ४ जीबीही तिच्या शेजारी लावली. जोडी असमान असली तरी बिघडत नाही. दोन्हीकडचे चार-चार जीबी ड्युअल चॅनेलने, म्हणजे जोडीने एकाच वेळी, चालतात, उरलेले चार एकेरी. बायोसमध्ये १२२८८ एमबी, म्हणजे १२ जीबी दिसलं. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, लावून ठेवली आणि सकाळी ताईंना फोन केला: एरर शून्य, घेऊन जा.