खेळायला वेळ नाही, मग बातम्या कशाला?

“गेम खेळायला तुला वेळ मिळत नाही, मग गेमच्या बातम्यांवर एवढी का उखडतेस?” जाऊबाई विचारतात. डबा उघडता उघडता ऑफिसातल्या बायका विचारतात. पुतण्याचे मित्र तर ‘काकू, तुम्ही पण?’ एवढंच म्हणतात आणि पुढचं डोळ्यांनी विचारतात.

आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. एरवी ‘अगं, टाइमपास’ म्हणून विषय संपवते. पण टाइमपासवर कुणाचं बीपी वाढत नाही, माझं वाढतं.

वेळ नाही हे खरंच आहे. भांडुपहून फोर्टला रोजची ये-जा, हिशेब खात्यातली नोकरी, घरी टीव्ही एकच आणि संध्याकाळी तो सासूबाईंच्या मालिकांचा. टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, प्लेस्टेशन 5, आहे. 2021 च्या फेब्रुवारीत तो भारतात आला तेव्हा 49,990 ही किंमत ऐकून नवरा म्हणाला होता, “यात फ्रिज येतो.” पुढे बऱ्याच उशिरा पुतण्यानं आणि मी निम्मे निम्मे घालून घेतला. खेळतो मुख्यतः तोच. मोठा गेम म्हणजे पन्नास-साठ तासांचं प्रकरण. माझ्या वाट्याला रविवार दुपारचा तासभर, आणि त्यातला निम्मा गेल्या वेळी आपण कुठे होतो, कुठलं बटण कशाचं, हे आठवण्यात जातो.

तेव्हा बातम्या वाचून मी दुधाची तहान ताकावर भागवते, असा तुमचा समज होणार. तसं नाहीये हो. गेम ही एक गोष्ट. तो तयार कसा होतो, पुढे कसा ढकलला जातो, कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या जिवावर, ही दुसरी गोष्ट. मला दुसरीतही तितकाच रस आहे, आणि ती लोकलमध्ये उभ्यानं वाचता येते.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमचंच घ्या. पाचवा भाग सप्टेंबर 2013 मध्ये आला. तेव्हा पुतण्या आठवीत होता, आता त्याचा स्वतःचा पीएफ कापला जातो. सहाव्याचा पहिला ट्रेलर 5 डिसेंबर 2023 ला, आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी साडेसातला येणार होता. घरी वेळेत पोचायचं म्हणून मी सकाळपासून कामं उरकायच्या बेतात, आणि कुणीतरी तो आधीच फोडला. गेम करणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं मग वाट न बघता स्वतःच टाकून दिला, आपल्याकडे पहाट होती. उठून बघते तर पुतण्याच्या मेसेजची रांग. 24 तासांत 9 कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला तो. शेवटी लिहिलं होतं, गेम येणार 2025 मध्ये.

मग 2025 च्या मेमध्ये कळलं, नवी तारीख 26 मे 2026. मग नोव्हेंबरात कळलं, 19 नोव्हेंबर 2026. पुतण्यानं दोन्ही वेळा फोन गादीवर आपटला. मी काय केलं, तर कॅलेंडर काढलं. त्यांच्या मूळ कंपनीचं, टेक-टूचं, आर्थिक वर्ष आपल्यासारखंच 31 मार्चला संपतं. 2025 ची मे 2026 झाली तेव्हा अख्खी विक्री एका वर्षातून उचलून पुढच्या वर्षात गेली. ते दुखणं मोठं. मेची नोव्हेंबर झाली तेव्हा वर्ष तेच राहिलं, वर नाताळची खरेदी पदरात पडली. आणि ही दुसरी तारीख जाहीर कधी झाली, तर तिमाही निकाल लागले त्याच दिवशी. म्हणून मला ही तारीख आधीच्यांपेक्षा जरा भरवशाची वाटते. आता ती मार्चच्या पलीकडे घसरली, तर गुंतवणूकदारांपुढे उभं राहणाऱ्या माणसाची मला आत्तापासूनच कीव येते.

मुंबईत राहून हे वेगळं शिकावं लागत नाही. आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटची पझेशनची तारीख इतक्यांदा बदलली, की बिल्डर कोणती तारीख देतो यापेक्षा ती कधी आणि कुणासमोर देतो, हे बघायची सवय लागली. गेमच्या कंपन्यांना मी तोच चष्मा लावते. बाकीचे ट्रेलर बघतात, मी आधी तारीख ढकलल्याचं माफीपत्र वाचते.

माफीपत्रांतलं माझं सगळ्यात लाडकं ‘सायबरपंक 2077’ या गेमचं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं 2020 मध्ये एप्रिलची तारीख सप्टेंबरवर नेली, सप्टेंबरची 19 नोव्हेंबरवर, आणि तिथून 10 डिसेंबरवर. शेवटची ढकलाढकल झाली ती गेम ‘गोल्ड’ झाला, म्हणजे छपाईला जाण्याजोगा झाला, असं जाहीर करून झाल्यावर! त्या वेळचं माफीपत्र म्हणजे पिवळ्याधमक पाटीवर काळी अक्षरं. त्यात मध्येच एक वाक्य होतं, की वेगवेगळ्या मशीनसाठी मिळून नऊ आवृत्त्या एकाच वेळी तयार ठेवून तपासायच्या आहेत. नऊ! सगळे शिव्या घालण्यात गुंतले होते, पण माझं बोट त्या आकड्यावर थांबलं. नऊ वह्या एकदम बंद करायला लावल्या की काय होतं, हे हिशेब खात्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुतण्याला म्हटलं, जुन्या प्लेस्टेशनवर अजिबात घेऊ नकोस. गेम आल्यावर आठवड्याभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला, लोकांना पैसे परत दिले, आणि तो परत आला थेट पुढच्या जूनमध्ये. तेव्हापासून घरात माझ्या शब्दाला थोडं वजन आहे. या एका विषयापुरतं.

नेहमी रागच येतो असंही नाही. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ हा गेम जाहीर झाला फेब्रुवारी 2019 मध्ये. करणारे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे, मुख्य माणसं तीन. मग वर्षानुवर्षं काही नाही. नवे गेम जाहीर होतात अशा प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाआधी लोक आशा लावून बसायचे आणि कार्यक्रम संपला की एकमेकांची टिंगल करायचे. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी सांगितलं, दोन आठवड्यांनी येतोय, आणि खरंच 4 सप्टेंबरला आला. किंमत फक्त 20 डॉलर. अनंत चतुर्दशीला दोन दिवस होते. संध्याकाळी साडेसात म्हणजे आमच्याकडे आरतीची वेळ; खाली मंडळाचा स्पीकर, वर पुतण्या एका हातानं टाळी वाजवत दुसऱ्या हातानं ‘विकत घ्या’चं बटण दाबतोय. बटण हलेना. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान बसलं, निन्टेन्डोचं दुकान बसलं, सोनीचंही कोलमडलं. जगभरचे लोक एकाच मिनिटाला दारात उभे, आणि कुणी चिडलेलं नाही. एवढी वर्षं का लागली म्हणून त्या मंडळींना विचारलं होतं. अडलं काहीच नव्हतं, करताना मजा येत होती, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर. असं उत्तर देण्याची ऐपत गुंतवणूकदार डोक्यावर नसले तरच येते. मला त्या तिघांचा हेवा वाटतो.

पण तुम्ही विचारलंत उखडण्याबद्दल. सगळ्यात जास्त मी उखडले ती ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’वरून, आणि ते अजून शमलेलं नाही.

आमच्या पिढीतल्या अनेकांचा हा पहिला गेम. दादरला कॉम्प्युटर क्लास होता, डॉसच्या आज्ञा पाठ करून घेत. सर चहाला गेले की पडद्यावर राजपुत्र. पांढरी विजार घातलेला तो एवढासा माणूस पळता पळता कड्याशी आला की त्याचा तोल जायचा, उडी कमी पडली तर बोटांनी कठड्याला लटकायचा, आणि वर चढताना आधी एक पाय टाकायचा. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. मध्ये जमिनीतून सुळे बाहेर यायचे आणि अख्खा क्लास ‘ईऽऽ’ करायचा. जॉर्डन मेकनरनं आपल्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून तो राजपुत्र काढला, हे पुढे वाचलं, तेव्हा ते चालणं इतकं खरं का वाटायचं ते कळलं.

2003 मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओनं याच राजपुत्राचा ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. गोष्ट सुरू होते भारतातल्या एका महाराजाच्या किल्ल्यावर, नायिका फराह ही त्या महाराजाची मुलगी. हातात असा खंजीर, की मेलात तर काही क्षण मागे जाता येतं. लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणली होती. ती कसली सीडी होती ते विचारू नका.

आणि 10 सप्टेंबर 2020 ला बातमी आली, की तोच गेम नव्यानं येतोय, आणि तो करतायत युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ. टाळेबंदीचे दिवस, लोकल सर्वसामान्यांना बंद, मी घरी डायनिंग टेबलवर ऑफिस मांडलेलं. अंगावर काटा आला. आपल्याच शहरात कुणीतरी आपला राजपुत्र नव्यानं घडवतंय!

मग ट्रेलर बघितला. तो चांगला नव्हता, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणेन. राजपुत्राचा चेहरा मेणाचा, ओठ हलतायत पण डोळे नाहीत, उजेड सगळीकडून सारखाच पडलेला. जगभर थट्टा झाली. ती ठीक, पैसे मागणाऱ्या वस्तूला लोक नावं ठेवणारच. पण आमच्या ग्रुपवर आपल्याच लोकांनी लिहिलं, ‘आपल्याकडच्यांना असली कामं देऊच नयेत.’ तिथे माझं डोकं फिरलं.

कारण त्याच्या तीनच आठवडे आधी, 18 ऑगस्टला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम आला होता. टीम छोटीशी, गोष्ट आपल्या पुराणांतली, आणि देखणा असा की एकेका महालासमोर थांबून बघत राहावं. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. म्हणजे हात होते, नजर होती, त्याच पुण्यात होती. आणि युबिसॉफ्टनं तारीख दिली होती 21 जानेवारी 2021. ट्रेलरनंतर जेमतेम चार महिने, तेही सगळं जग घरी बसलेलं असताना. ती तारीख ज्यानं छापली त्याला कुणी बोललं नाही. बोलणी खाल्ली कोणी, तर पडद्यावरची माणसं-महाल घडवणाऱ्यांनी.

पुढे काय झालं ते ऐका. जानेवारीची तारीख मार्चवर गेली. मग तारीखच गेली. मे 2022 मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं, म्हणजे 2003 चा मूळ गेम ज्यांनी केला त्यांच्याकडे. ग्रुपवर पुन्हा ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ची लाट. मी गप्प बसले नाही, तेव्हाही भांडले. 2024 मध्ये एक छोटीशी झलक आली, 2026 साली येईल म्हणाले. आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीनं एका झटक्यात सहा गेम रद्द केले, त्यात हा. माँट्रियललाही तो दारापर्यंत आणता आला नाही. त्या दिवशी ग्रुपवर कुणीच ‘आम्ही म्हणत होतो’ लिहिलं नाही. मी मात्र जुने मेसेज शोधून एकेकाला परत पाठवले. हो, आहे मी तशी.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गेमच्या शेवटी नावांची यादी सरकते, लोक ती बटण दाबून पळवतात. तुम्ही दोन वर्षं घालून एक जिना, एक दरवाजा, एक बाहीची सुरकुती केलीत याचा जगाला दिसणारा पुरावा तेवढाच. गेम बाहेरच आला नाही तर यादीही नाही. पुण्या-मुंबईतल्या ज्या मुला-मुलींनी तो राजपुत्र दुसऱ्यांदा घडवायला घेतला, त्यांच्या वाट्याला आलं ते फक्त त्या ट्रेलरखालचं हसं. एवढ्यावर मी उखडू नको, तर कशावर उखडू? भाजीच्या भावावर उखडले तर तुम्हाला चालतं.

एकदा उलटंही घडलं. जपानच्या टँगो गेमवर्क्सनं ‘हाय-फाय रश’ हा गेम आधी काही न सांगता जानेवारी 2023 मध्ये काढला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि तरी मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये त्याला हात दिला क्राफ्टननं. तीच ती कंपनी, जिच्या बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममुळे आमच्या जिन्यात रात्री अकराला ‘अरे, रिव्हाइव्ह कर ना’ असा आरडाओरडा चालतो. त्या पोरांना मी तेव्हापासून थोडं कमी रागावते.

राहता राहिला पुतण्या. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा सहावा भाग यायचा त्या 19 नोव्हेंबरला गुरुवार आहे. त्याला गुरुवार-शुक्रवार रजा टाकायची आहे, म्हणजे शनिवार-रविवार धरून चार दिवस. मला विचारतो, “काकू, टाकू का आत्ताच?” मी म्हटलं, टाक, पण साहेबाला कारण सांगू नकोस, आणि टेक-टूच्या सप्टेंबरअखेरच्या तिमाहीचे निकाल लागेपर्यंत रद्द करायची सोय ठेव. टीव्हीचं सासूबाईंशी कोण बोलणार, ते अजून ठरायचंय.