७२ तासांचा गारवा

आमच्या मुलाचा जन्म जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी झाला. वार वेळेआधी सुटल्यामुळे तातडीने सिझेरियन करावे लागले. बाळ रडले नाही. डॉक्टरांनी पहिल्याच मिनिटात मास्क लावून पिशवीने श्वास दिला. ठोके सुधारले, पण अंग लुळेच राहिले. मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा आणि त्यासाठी बाळाला थंड ठेवण्याचा उपचार जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, असे सांगून त्यांनी आम्हाला छत्रपती संभाजीनगरला पाठवले. पत्नी मागेच राहिली. आम्ही पावणेचार तासांत पोहोचलो.

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत भर वैशाखातही शेगडी असते. त्यामुळे “आजी, आत्ता गुंडाळू नका” हे डॉक्टरांचे शब्द ऐकून आईच्या हातातले दुपटे तसेच राहिले. प्राणवायू तुटल्यावर मेंदूच्या पेशींची ऊर्जा संपते. रक्तपुरवठा परतल्यावर त्या काही तास सावरल्यासारख्या दिसतात आणि मग हानीची दुसरी लाट येते, असे डॉक्टरांनी आम्हाला समजावले. मधल्या तासांत शरीराचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणले तर पेशींची गरज घटते आणि ही लाट सौम्य होऊ शकते. मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेशातील हेलिक्स चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, थंड ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यू अधिक आढळले, हेही त्यांनी लपवले नाही. आपल्या बाळाला हा उपचार का द्यावासा वाटतो, हे त्यांनी तपासण्या दाखवून सांगितले, म्हणूनच मी सही करू शकलो.

गुदद्वारातील तापमापक सतत तापमान दाखवत होता, डोक्यावरील तारा झटक्यांवर नजर ठेवत होत्या. मी त्याच्या पावलाला बोट लावले. ते इतके गार होते की मी हात मागे घेतला. मॉनिटरवरचे ठोके मंदावलेले पाहून मी घाबरलो, तेव्हा थंडाव्यात ते मंदावतातच, असे परिचारिकेने सांगितले. ७२ तासांनंतर ऊब देतानाही घाई नव्हती: तासाला अर्ध्या अंशाहून अधिक नाही, कारण एकदम तापमान वाढले तर झटके येऊ शकतात.

एमआरआयमध्ये सौम्य बदल दिसले. आता तो ९ महिन्यांचा आहे आणि आधाराशिवाय बसतो. डावी मूठ अजून थोडी घट्ट असते, म्हणून दर आठवड्याला फिजिओथेरपीसाठी जालन्याला जातो.