घरच्या सर्व्हरसाठी लॅमिंग्टन रोडची एक फेरी

घरी प्रॉक्समॉक्स (एकाच यंत्रावर अनेक संगणक चालवणारी प्रणाली) चालवून त्यावर चार-पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, उभी करावीत, हा बेत बरेच दिवस मनात घोळत होता आणि 25,000 रुपयांच्या वर जायचे नाही असे घरात कबूल केले होते. म्हणून आज मुंबईतला संगणकांचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्याच दुकानात दोन झिऑन (सर्व्हरसाठीच्या इंटेल) प्रोसेसरांचा जुना रॅक सर्व्हर अगदी स्वस्तात मिळत होता. मोह झाला, पण तो चालू करताच पंख्यांचा असा आवाज उठला की समोरच्याचे बोलणे ऐकू येईना. शिवाय काही काम नसतानाही 150 वॉट ओढणारे यंत्र दिवसरात्र चालले, तर महिन्याला 108 युनिट होतात. तेव्हा स्वस्ताई वीजबिलातच जाणार.

शेवटी एका कार्यालयातून निघालेला, आय7-8700 प्रोसेसरचा डेस्कटॉप घेतला. त्यात 6 कोअर, 12 थ्रेड आणि मेमरीचे 4 स्लॉट आहेत. प्रोसेसरच्या आधी मेमरी संपते, हे नोकरीत अनेकदा पाहिलेले असल्यामुळे उरलेले पैसे 32 जीबी रॅममध्ये घातले. एका विक्रेत्याने रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरसाठीच्या) रॅमच्या स्वस्त पट्ट्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. त्या या बोर्डावर चालतच नाहीत. लेबलवर ‘2400टी’पुढे रजिस्टर्डचा बारीक ‘आर’ छापलेला होता, म्हणून वाचलो.

घरी आल्यावर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी हे व्हर्च्युअल मशीनसाठीचे पर्याय दोन्ही बंद सापडले. ते सुरू केल्यावर रात्री साडेनऊला पहिले डेबियन लिनक्सचे मशीन उभे राहिले. एसएसडी तूर्त जुनीच, 500 जीबीची आहे. यूपीएस पुढच्या पगारात.