ती लंगडते का?

१९८८ च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झालं आणि इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत माझं नाव बदललं. गुफी पेंटल यांचा शकुनी एक डोळा बारीक करून लंगडत यायचा. सोमवारी मी शाळेला निघाले की ओटल्यावरची पोरं ओरडायची, “मामाश्री आले!” पोरं तशी वाईट नव्हती. माझा कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, लावलेला पाय ती रोजच बघत होती, पण लंगडा म्हणजे कपटी हे त्यांना टीव्हीनं शिकवलं.

त्याआधी ‘रामायणा’तली मंथरा होती. आजी टीव्हीसमोर बसून तिला शिव्या घालायची, “मेली वाकडी ती वाकडीच!” आणि तोंड चालू असताना हात माझ्या पायाला तेल चोळत असायचे. मंथरा झालेल्या ललिता पवारांची हकिगत मला फार उशिरा कळली. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं गेली. पुढे त्याच डोळ्यानिशी त्या पडद्यावरच्या खाष्ट सासू झाल्या. कामावर झालेली इजा, पण बघणाऱ्यांना तिच्यात स्वभाव दिसला.

कौतुकानंही फार काही सुधारत नाही. बँकेत मला बढती मिळाली तेव्हा इथल्या एका दैनिकाचा वार्ताहर आला. त्याला फोटोत कॅलिपर दिसायला हवा होता. परीक्षा मी जशी दिली तशीच इतरांनीही दिली होती, त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. बातमी छापून आल्यावर काउंटरवर लोक माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू, गोड बोलायला लागले. ड्राफ्टला उशीर झाला तरी भांडेनात. बँकेतल्या बाईशी इंदूरकर भांडत नाही म्हणजे काय!

८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे निपुण मल्होत्रा यांच्या, सिनेमातल्या अपंगांच्या चित्रणाबद्दलच्या याचिकेवर निकाल दिला. अपंगांच्या नुसत्या अडचणी दाखवू नका, त्यांचं यश आणि समाजातला वाटाही दाखवा, आजाराची नीट माहिती घ्या, असं त्यात सिनेमावाल्यांना सांगितलंय. अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा आणि अपंगांना हिणवणारा वेगळा, हेही स्पष्ट केलंय. निकाल चांगलाच आहे, पण आमच्या गणेशोत्सवाच्या हौशी नाटकवाल्यांपर्यंत तो अजून आलेला नाही.

यंदाचा आमचा दिग्दर्शक कॉलेजातला पोरगा.

“काकू, भिकारणीचा रोल खास तुमच्यासाठी लिहिलाय.”

“मला घरमालकीण दे.”

“पण मग ती लंगडते का, असं लोक विचारतील ना?”

“तुझा भाडेकरू चष्मा लावतो. तो का, हे कुणी विचारलंय?”

तो गप्प झाला. त्याचाही फारसा दोष नाही. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. या पोरांनी असा पाय बघितला असेल तर बहुतेक पडद्यावरच, आणि तिथे तो पाप, शाप नाहीतर बदला असल्याशिवाय येत नाही. मला लहानपणी पोलिओ झाला, एवढं कारण त्याला नाटकासाठी पुरेना.

मालकीण शेवटी मिळाली. थकलेल्या भाड्यावरून खडसावायचे संवाद अगदीच थोडे होते, ते भांडून वाढवून घेतलेत.