मीठ घेऊन या

मे महिन्यात एखाद्या दुपारी फोन खणखणायचा आणि पलीकडून एवढेच ऐकू यायचे, "येताना मीठ घेऊन या." त्या दिवशी आम्हा भावंडांच्या घशाखाली शीतकढी, म्हणजे भात-आमटी, उतरत नसे. मीठ म्हणजे आइसक्रीम, हे आम्हाला साखरेच्या आधी कळले होते.

बाबांचे गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात पेंडीचे दुकान होते. त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा उसगावच्या पुढे आत रस्त्याला गोठा होता. सात-आठ म्हशी, चार गाई, कडेला नेपियर गवताचा पट्टा. आम्ही त्यांना काका-काकी म्हणायचो. दूध, साखर आणि मानकुराद आंबे त्यांचे, बर्फ आणि मीठ आमचे. हा करार कोणी कधी बोलून केला नव्हता, पण वर्षानुवर्षे मोडलाही नाही.

बर्फाचे सोपे होते. मिठासाठी मात्र आईचा चेहरा बघावा लागे. मे म्हणजे पुरुमेंताचा महिना. पावसाळ्याची बेगमी घरात येऊन पडायची: सुक्या मिरच्या, सोलां (आमसुले), सुके बांगडे आणि मिठागरातले जाडे, करड्या रंगाचे मीठ. ते मोठ्या मडक्यात भरून कोपऱ्यात बसायचे आणि आईचा त्याच्यावर पहारा असायचा. गणपतीच्या चवथीपर्यंत पुरायला हवे असलेल्या त्या मिठातले चार-पाच किलो उचलून मातीत ओतायला न्यायचे, हे तिला दर वर्षी नव्याने पटवावे लागे. करवंटीने मोजत ती पिशवीत घालायची आणि शेवटची करवंटी अर्धीच भरायची. त्यात आजीचा दंडक, तिन्हीसांजेला घरातले मीठ बाहेर जाता कामा नये. म्हणून पिशवी दुपारीच बांधून ओसरीवर काढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ती हमखास ओसरीवरच राहायची आणि कोणाला तरी परत धावत जावे लागायचे.

बर्फ मासळीवाल्यांचा. बाबा पहाटे बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचे, गोणपाटात गुंडाळलेली, भुश्यात लोळवलेली. एकदा जाणे सोमवारी आले. आजीने व्हॅनमध्ये बसल्या बसल्या नाक उडवले. "आज सोमवार, आणि हा बांगड्याचा बर्फ?" गोठ्यावर पोचेपर्यंत तिने तोंड उघडले नाही. काकीने ऐकले आणि शांतपणे सांगितले, "आजी, बर्फ भायर, दूद भितर." आजीने यावर थोडा वेळ विचार केला आणि वाटी पुढे केली.

फोंड्याहून उसगावला जायचे म्हणजे कुर्टीवरून जावे लागते आणि कुर्टीला गोवा डेअरी आहे. धाकटा भाऊ दर वर्षी तिथे व्हॅन थांबवायला लावायचा. डेअरी तर ही आली, मग पुढे कशाला? बाबा म्हणायचे, "इथे दूध येते. तिथे दूध निघते." हे उत्तर मला तेव्हा टाळाटाळीचे वाटायचे. पुढे काकांबरोबर एकदा सोसायटीत दूध घालायला गेलो, तिथे नमुना काढून "फॅट किती लागली" ते बघून दर ठरताना पाहिला, तेव्हा कळले की बाबा नेमके बोलत होते. गोव्यात निघणारे दूध गोव्याला पुरत नाही. मोठा वाटा कर्नाटक-महाराष्ट्रातून येतो. त्यामुळे ज्याच्या डोळ्यांसमोर दूध निघते, असे घर ओळखीत असणे ही आमच्याकडे मिरवायची गोष्ट.

खांडेपारचा पूल ओलांडला की काचा वर. तेव्हा त्या रस्त्याला खनिजाचे ट्रक रांगेने धावायचे आणि झाडे, कौले, वळणावरच्या दुकानातल्या लिमलेटच्या बरण्या, सगळे त्यांच्या धुळीने तांबडे. बंद व्हॅनमध्ये नऊ माणसे, वितळणारी लादी, घाम, आणि मागे काजूच्या बोंडांचा आंबूस वास. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले. तरी त्या वळणावर माझा हात अजून काच वर करायला जातो.

गोठ्यावर पोचेपर्यंत काकीने म्हशीचे दूध चुलीवर आटवून, निवायला ठेवलेले असायचे. चार लिटरचे अडीच. त्याला लाकडाच्या धुराचा पुसट वास लागलेला. तो वास दोष होता की गुण, यावर आमच्या घरात आजही दोन तट आहेत. आंब्याचा रस दूध पूर्ण गार झाल्यावरच पडायचा. एकदा चुलतभावाने घाईने कोमट दुधात ओतला आणि दूध फाटले. त्या वर्षी आम्ही गूळ घालून ते चोथ्यासकट खाल्ले आणि कोणी त्याचे नाव काढले नाही.

मग पॉट. लाकडी पिंप, त्यात पत्र्याचा उभा डबा, डब्यात फळ्या, वर दात्यांचे हँडल. डब्याभोवती मुसळाने फोडलेला बर्फ आणि मीठ यांचे थर. मीठ का, हे बाबांनी सांगितले तेव्हा मी पाचवीत होतो आणि माझा विश्वास बसला नाही. वितळणारा नुसता बर्फ शून्य अंशांच्या खाली जात नाही आणि साखर घातलेले दूध शून्याला गोठत नाही. मीठ पडले की बर्फ भराभर वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता शेजारच्या दुधातून ओढून घेतो. हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. बर्फ वितळतो म्हणून दूध गोठते, हे कुठल्याही पाचवीतल्या मुलाला लबाडीच वाटेल. खात्री करायला मी पिंपात बोट घातले. मग उरलेली सकाळ ते बोट काखेत धरून बसलो.

हँडल फिरवण्याला क्रम होता. सुरुवातीला आत नुसते दूध, हँडल हलके, म्हणून पोरे. दहा मिनिटांनी ते जरा चिकटू लागले की ताई आणि मामी. मग आई, पदर खोचून, न बोलता, एका लयीत. शेवटी करकर आवाज सुरू झाला की बाबा आणि काका आळीपाळीने, एक पिंपावर गोणपाट टाकून बसायचा आणि दुसरा फिरवायचा. म्हणजे आइसक्रीम किती झाले हे झाकण उघडून बघायची गरज नसे, हँडलवर कोण आहे ते बघितले की पुरे. आम्ही मात्र दर दोन मिनिटांनी विचारायचो. काकीचे उत्तर ठरलेले, "मात्शें रावात," म्हणजे जरा थांबा. तोवर शेजारी म्हशी रवंथ करत बसलेल्या. त्यांना कसलीच घाई नसायची, त्यांचे काम पहाटेच झालेले.

खरे सांगायचे तर ते आइसक्रीम फार मऊ नसायचे. हाताने फिरवताना कोणीतरी दमतेच, तेवढ्यात बर्फाचे खडे धरतात, आणि ते दाताखाली कचकचतात. दुकानातले जास्त मुलायम. पण त्यात हवाही भरपूर असते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक लिटर आइसक्रीम ५२५ ग्रॅम भरले तरी चालते, उरलेल्या जागेत काय असते ते समजून घ्यावे. काकीचे एक वाटीभर खाल्ले की माणूस भिंतीला टेकायचा.

एकच गोष्ट जमत नसे: ते घरी आणणे. येऊ न शकलेल्या आत्यासाठी एका वर्षी बाबांनी हिय्या केला. स्टीलचा डबा, भोवती उरलेला बर्फ, त्यावर उरलेले मीठ, त्यावर तूस, त्यावर गोणपाट. डबा मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसलो. खड्डे होतेच. फोंड्यात आत्याच्या ओसरीवर झाकण उघडले तेव्हा आत पिवळे, पातळ, आणि खारट. मिठाचे पाणी झाकणावरून आत गेले होते. आत्याने दोन चमचे घेतले, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "छान झालेय हो. लोणच्यात काय घातले?" या डब्याचा विषय अजून दर लग्नात निघतो.

गेल्या मे महिन्यात मुलीला घेऊन गेलो. काका थकलेत, मुलगा सगळे बघतो. विजेचे मशीन आले आहे, कागदी कप आहेत, रविवारी पणजीहून गाड्या येतात. जुने पिंप गोठ्याच्या दाराशी आहे, त्यात वासरांची पेंड भिजत घालतात. मशीनचे आइसक्रीम मुलायम आहे, कचकच अजिबात नाही, धुराचा वासही नाही. मुलीला आवडले. मलाही आवडले, हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला. पाच मिनिटांत खाऊन झाले आणि मग काय करायचे ते कळेना. म्हशी बघितल्या. परत म्हशी बघितल्या.

निघताना काकीने अर्ध्या किलोचा डबा थर्माकोलच्या पेटीत घालून दिला. "आतां उदक जायना," ती म्हणाली, म्हणजे आता त्याचे पाणी होत नाही. खरेच, घरी पोचले तेव्हा जसेच्या तसे होते. आईने फ्रीजरमध्ये ठेवले. उद्या खाऊ म्हणालो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विसरले, तिसऱ्या दिवशी पाहुणे आले, मग मुलीला सर्दी झाली. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर त्यात स्वच्छ केलेले, मीठ लावलेले आठ बांगडे होते.