24 कामट्या

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि परळच्या आमच्या चाळीतले निम्मे बापे घरी बसले. त्यांत आमचे बाबाही. दिवाळी जवळ आली तशी त्यांनी कुठूनसा एक बांबू आणला, कोयत्याने ताशून कामट्या काढल्या आणि मजल्यावरच्या पोरांना घेऊन गॅलरीत बसले. धंदा तिथून सुरू झाला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर त्या वर्षी एकही कंदील विकला नाही. चाळीत दारोदार एकसारखा कंदील लागला, इतकंच. गिऱ्हाइकं आली ती पुढच्या वर्षी.

बाबांचा कंदील आजही तोच आहे. 24 कामट्यांचे सहा चौकोन. ते टोकाला टोक लावून दोऱ्याने बांधले की मधे आठ त्रिकोण आपसूक होतात, वेगळे करावे लागत नाहीत. वरचा चौकोन उघडा ठेवायचा, नाहीतर बल्बची धग कोंडते. बाकी पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. खळ आईची, मैद्याची. झुरळं लागू नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद.

मी हातात घेतलं तेव्हा बाजारात घडीचे चकचकीत कंदील आले होते. आमचा एक विकला जाईपर्यंत शेजारच्याचे दहा जायचे. 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आली, वाटलं आता आपले दिवस. कसलं काय!

2019 ला तर ऐन दिवाळीच्या तोंडावर पाऊस. एका कंपनीच्या ऑर्डरचे दीडशे कंदील टेम्पोतच भिजले. कंपनीने माल परत पाठवला आणि आगाऊ दिलेले पैसेही मागितले. कागद लोंबत होता, सांगाडे मात्र धड होते. फेकवेनात. आमच्या मागे गिरणीच्या जागेवर टॉवर उभा आहे, तिथल्या वॉचमनला विचारून ते पार्किंगमध्ये ठेवले आणि कागद, खळ घेऊन बाबा खाली सतरंजीवर बसले. संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास माणसं जमली. एकाच लिफ्टने रोज जाणारे दोन शेजारी त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांचं आडनाव विचारत होते.

तेव्हापासून आम्ही तयार कंदील कमी आणि शिबिरं जास्त करतो. चाळीतल्या काकू ठिपक्यांची रांगोळी शिकवायला येतात, मानधन घेऊन. (आधी नको म्हणायच्या, आता दर वाढवून मागतात. बरोबरच आहे.) आखून न घेता सरळ ठिपके टाकणारा हात बघायला मुलांपेक्षा त्यांचे आईबापच जास्त वाकतात.

नोंदणी घटस्थापनेपासून. कामट्या, कागद, दोरा आमचा. खळही आमचीच, पण लहान मुलं असतात म्हणून शिबिरात मोरचूद घालत नाही. त्यामुळे झुरळांपासून कंदील सांभाळायचा तो तुम्हीच.